राजावर हुकमाची दुर्री

एका राज्यात राजाला पत्त्यांत हरवायला बंदी नव्हती; पण कुणी हरवीत नसे.

राजाचे नाव चंडकीर्ती. मनाने उदार, मिशीने भरघोस आणि पत्त्यांचा वेडा. रोज दुपारी जेवणे आटोपली की दिवाणखान्यात गालिचा पसरला जाई, चौघे बसत, आणि राजा आपली पाने न बघताच गरजे, "अकरा हात!" आणि अकराचे बारा होत. कारण त्या दरबाराची एक रीत होती. राजाने पान टाकले की त्यावर वरचढ पान कुणी टाकायचे नाही. हातात एक्का असला तरी तो दडवायचा, तिर्री टाकायची आणि म्हणायचे, "वाहवा, महाराज!" फारच अडचण झाली तर एक्का पगडीत खोचायचा. दरबारी लोकांच्या पगड्या धुवायला गेल्या की परटिणींना त्यांत एक्के सापडत. त्या ते वाळवून परत पाठवीत.

राजाला वाटे, आपल्यासारखा खेळणारा भूतलावर नाही. एक दिवस त्याने दवंडीच पिटवली : "जो मला हरवील, त्याच्या पत्त्यांत मी जाऊन बसेन!"

आता बोलायला जीभ उचलावी लागते एवढेच. पण ऐकणारा कोण आहे ते आधी बघावे. त्या राज्याच्या उत्तरेला काजळडोंगर, आणि डोंगरावर खर्परनाथ नावाचा मांत्रिक राही. त्याच्या पत्त्यांच्या जोडात एक्कावन्नच पाने होती. बदाम राजा उंदरांनी खाल्ला होता. दवंडी ऐकताच तो चटईवर बसून उडत आला, दारात चटई झटकली, गुंडाळून काखेत मारली आणि म्हणाला, "महाराज, बसू या का?"

"भिडू कुठे आहे तुमचा?" राजाने विचारले.

खर्परनाथ गालिच्यावर बसला. त्याची सावली त्याच्या पायांपासून सुटली, समोर जाऊन बसली आणि हात पुढे करून पानांची वाट बघू लागली. राजाचा भिडू प्रधान शीलनिधी. चाळीस वर्षे तोच राजासमोर बसत आला होता. माणूस सज्जन, कष्टाळू, आणि इतका आदबशीर की शिंक आली तरी आधी परवानगी मागे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे. बावन्न पाने चौघांत वाटायची, प्रत्येकाला तेरा. समोरासमोरचे दोघे भिडू. एकाने पान टाकले की बाकी तिघांनी एकेक टाकायचे. ज्याचे वरचढ त्याचा हात, आणि पुढची उतारी त्याची. असे तेरा हात. पण खेळायच्या आधी बोली करायची, की आम्ही दोघे मिळून इतके हात करू. ज्याची बोली मोठी, त्याने हुकमाचा रंग ठरवायचा. आणि बोललेले हात झाले नाहीत, तर डाव गेला.

राजा नेहमीप्रमाणे पाने न बघता गरजला, "नऊ!" खर्परनाथ हसला आणि त्याने बोली वाढवली नाही.

खेळ सुरू झाला. मांत्रिकाला दरबारची रीत काय माहीत! तो राजाच्या राणीवर सरळ राजा टाकी आणि राजाच्या राजावर सरळ एक्का. चंडकीर्तीला घाम फुटला. तरी पाने चांगली होती, म्हणून अकराव्या हातापर्यंत आठ हात जमले. हवा होता एकच. राजाने बदाम गुलामाची उतारी केली. खर्परनाथाने चौकी टाकली. प्रधानाच्या हातात दोनच पाने होती, बदाम एक्का आणि बदाम तिर्री. एक्का टाकला असता तर हात झाला असता, नऊ पुरे झाले असते, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुढे पडले होते महाराजांचे पान. महाराजांच्या पानावर आपले पान? शीलनिधीचा हात आपोआप तिर्रीकडे गेला. "वाहवा, महाराज!" तो म्हणाला.

सावलीने बदाम राणी टाकून हात उचलला, आणि शेवटचा हातही तिनेच हुकमाने नेला. आठच झाले.

"एकाने कमी," खर्परनाथ म्हणाला. त्याने टाळी वाजवली. गालिच्यावर राजा नव्हता. एक नवे कोरे बदाम राजाचे पान पडले होते, भरघोस मिशीचे. मांत्रिकाने ते जोडात घातले. जाता जाता म्हणाला, "जोवर हा माझ्या पत्त्यांत, तोवर या राज्यात सगळेच एकाने कमी." आणि चटईवर बसून उडून गेला.

तसेच झाले. कुंभाराने डझन मडकी भाजली की भट्टीतून अकरा निघत. विहिरीचा दोर पाण्यापाशी पोचता पोचता वीतभर तोकडा पडे. गवळणीच्या म्हशींना तीनच सड राहिले. सर्वांत हाल झाले ते लग्नघरांचे. सप्तपदीची सहा पावले पडत, आणि सातव्यासाठी उचललेला पाय खाली येईच ना. एकवीस नवऱ्यामुली एक पाय वर धरून मांडवात उभ्या होत्या आणि त्यांच्या आया आळीपाळीने त्यांना टेकू देत होत्या.

राजाची एकुलती एक मुलगी हेमलेखा. आई लहानपणीच गेलेली, बापानेच वाढवलेली. ती तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी तिने वेणी घट्ट बांधली आणि प्रधानाला बोलावले.

"प्रधानजी, आबांना आणायला मी जाते."

"राजकन्ये, अपराध माझा आहे. मीही येतो."

"पत्ते येतात तुम्हाला?"

"हरायला येतात," शीलनिधी म्हणाला. त्याने दशम्यांची शिदोरी खांद्याला अडकवली, आणि दोघे निघाली.

काजळडोंगराच्या पायथ्याशी एक ऐनाचे झाड होते. त्यावर एक म्हातारा धनेश पक्षी बसे. त्या राज्यात पक्षी बोलत, आणि बहुधा गरजेपेक्षा जास्तच. हा धनेश पूर्वी खर्परनाथाच्या अंगणातल्या झाडावर राही. वरून त्याला सगळी पाने दिसत, त्यामुळे शंभर वर्षांत न खेळताच तो मोठा खेळाडू झाला होता.

"लवकर आलात ते बरे," धनेश म्हणाला. "मांत्रिक रोज दुपारी खेळतो. पान हाताळून झिजते. तुझ्या बापाच्या मिशीचे एक टोक पुसले गेले आहे. चित्र पुसले की राजा संपला."

हेमलेखा पुढे झाली. "मला खेळ शिकवा."

"मी कशाला? डोंगरच शिकवील. तीन जागा आहेत. चुकशील तिथे मी हसेन."

पहिल्या जागी दरवाजा, आणि दरवाजात दगडी कासव. त्याने मान बाहेर काढली आणि इस्पिक नश्शी टाकली. हेमलेखाच्या हातात पाने आपोआप उमटली होती; त्यांत इस्पिकचा राजा होता आणि किलवरचा एक्का. एक्क्याहून मोठे काय असणार! तिने दिमाखात एक्का टाकला. कासवाने तो चघळून गिळला आणि मान आत घेतली. दरवाजा बंदच राहिला.

धनेश खदखदून हसला. "पोरी, जो रंग पडला तोच टाकायचा, हातात आहे तोवर. दुसऱ्या रंगाचा एक्का इथे तिर्रीच्याही खालचा."

दुसऱ्या दिवशी तिने इस्पिक राजा टाकला. दरवाजा कुरकुरत उघडला.

दुसऱ्या जागी ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलाखाली मगर. "हुकूम किलवर," मगर म्हणाली आणि तिने चौकट सत्ती टाकली. हेमलेखाकडे चौकट एकही नव्हते. रंग नसेल तर हवे ते टाकावे, हुकमाने मारावे नाहीतर कुठलेही हलके पान घालवावे, हे प्रधानाने तिला हळूच सांगितले. तिने हुकमाचा एक्का काढून मगरीच्या नाकावर आपटला. हात झाला. पण पुढच्या उतारीला मगरीने तिच्या पानावर हुकमाचा राजा मारला, आणि त्याला भारी असा एक्का हेमलेखाने केव्हाच खर्चून टाकला होता. पूल सर्रकन गुंडाळला गेला आणि दोघे पाण्यात पडली. दशम्या भिजल्या.

"सत्ती मारायला एक्का!" धनेश पंख बडवीत म्हणाला. "अगं, हुकमाची दुर्रीसुद्धा बाकी सगळ्या रंगांच्या राजाला, एक्क्याला भारी असते. दुर्रीने भागते तिथे दुर्री टाक. मोठी पाने जपून ठेव."

तिने तसे केले. पूल पसरला आणि गुमान पसरलेलाच राहिला.

तिसऱ्या जागी कडा होता, सरळ भिंतीसारखा, आणि वर मांत्रिकाचे अंगण. कड्याला पायऱ्या नव्हत्या. पायथ्याशी तेरा पाने पडली होती. हेमलेखाने ती उचलली तसा कडा बोलला, "किती?"

तिने बापाची आठवण काढली, छाती फुगवली आणि पाने न बघताच ओरडली, "तेरा!" कड्यातून तेरा पायऱ्या बाहेर आल्या. ती धावत चढली. आठवीवर पाय ठेवला तो पायरीच नव्हती, आणि ती थेट कारवीच्या झुडपात येऊन पडली. चपला वरच राहिल्या.

दुसऱ्यांदा तिने भीत भीत म्हटले, "तीन." तीन पायऱ्या आल्या. तिसरीवर ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. खाली उतरली तेव्हा धनेश म्हणाला, "फुशारकीची बोली खोटी, तशी भित्र्याचीही खोटीच. पाने कशाला दिली आहेत? बघ ना त्यांच्याकडे."

तिसऱ्यांदा तिने पाने रंगवार लावली. एक्के किती, एक्क्यांमागे राजे किती, हुकमाचा रंग कुठला केला तर शेवटपर्यंत पुरेल, सगळे बोटांवर मोजले. "माझे सात," ती म्हणाली. "पण अंगण तर दहा पायऱ्यांवर आहे."

"तीन समोरच्याचे धर," धनेश म्हणाला. "म्हणून तर भिडू असतो. त्याची पाने तुला दिसायची नाहीत आणि त्याला विचारायचेही नाही."

हेमलेखाने मागे पाहिले. शीलनिधी पायथ्याशी मांडी घालून बसला होता, त्याच्याही हातात तेरा पाने होती. तिने डोळे मिटून म्हटले, "दहा." सात पायऱ्या ती सहज चढली. आठवीवर तिने आधी नुसता अंगठा टेकवून पाहिला. पायरी टिकली. नववी टिकली, दहावीही टिकली. मग तिने प्रधानासाठी वरून ओढणी खाली सोडली.

अंगणात जायच्या आधी धनेशाने त्यांना कड्याच्या काठावरच्या एका झाडाखाली चार डाव खेळवले; बाकी दोघांची पाने तोच चोचीने टाकी. दोघे खेळली बरी, पण एक गोष्ट काही केल्या सुधारेना. हेमलेखाच्या पानावर शीलनिधी पान टाकीना. हातात हुकूम असला तरी तो दुसरेच एखादे फुटकळ पान घालवी आणि म्हणे, "वाहवा, राजकन्ये!"

"अहो, हात दोघांचा असतो!" धनेश किंचाळला. "वर कुणाचे पान पडले याला काय महत्त्व?"

"कळते मला," शीलनिधी खाली मान घालून म्हणाला. "हाताला कळत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे."

धनेशाने कपाळावर पंख मारून घेतला आणि तो उडून अंगणातल्या झाडावर जाऊन बसला.

खर्परनाथ त्यांची वाटच बघत होता. चटई अंथरलेली होती, सावली जागेवर बसलेली होती.

"दोन अटी," तो म्हणाला. "तुझी बोली पुरी व्हावी, आणि बदाम राजा ज्या हातात पडेल, तो हात तुमचा व्हावा. दोन्ही झाले तर बाप तुझा."

"आणि हरले तर?"

"माझी बदाम राणीही आताशा फार मळली आहे."

हेमलेखाने मान डोलावली.

पाने वाटली गेली. हेमलेखाने आपली तेरा उचलली, आणि तिसरेच पान तिचे वडील होते. मुकुट फिका झाला होता, मिशी जवळजवळ गेली होती, फक्त डोळे तसेच होते. चित्राला बोलता येत नाही. तिने पान हलकेच मध्ये लावले आणि डोळे पुसून मोजायला सुरुवात केली.

"नऊ," खर्परनाथ म्हणाला. "हुकूम इस्पिक करीन."

"माझी बोली नाही," शीलनिधी म्हणाला. सावलीने मान हलवली.

हेमलेखाने पुन्हा मोजले. किलवर हुकूम केला तर सात. इस्पिक झाले तर तिच्या हातात काहीच उरत नव्हते. आणि बोलायचे तर दहाच बोलावे लागणार होते. ती समोर बघून म्हणाली, "दहा. हुकूम किलवर."

डाव सुरू झाला, आणि त्या अंगणात इतकी शांतता पसरली की पान पडल्याचा आवाज ऐकू येई. मांत्रिकाच्या उतारीला हेमलेखाने रंगाला रंग टाकला, मोठी पाने जपली. उतारी हाती येताच तिने हुकूमच खेळले, एकदा, दोनदा. दुसऱ्या वेळी मांत्रिकाकडे किलवर संपले, सावलीकडेही संपले. शीलनिधीने इस्पिकचे दोन हात केले, चौकटचा एक केला. दोन हात मांत्रिकाने नेले. अकरा हात झाले तेव्हा हेमलेखा आणि प्रधान यांचे मिळून नऊ होते. प्रत्येकापाशी दोन पाने उरली होती आणि उतारी तिची होती.

तिच्या हातात चौकट पंजी आणि बदाम राजा. पडलेले प्रत्येक पान तिच्या ध्यानात होते. कामाची दोन पाने अजून बाहेर आली नव्हती. एक बदाम एक्का. तो त्या दोघांपैकी एकाकडे होता, कारण प्रधानाचे बदाम केव्हाच संपले होते. दुसरे हुकमाची दुर्री. ती प्रधानाकडेच असली पाहिजे. पंजी आधी टाकली, तर दुर्री तिच्यावर खर्च होईल आणि मग राजाला वाचवायला हुकूमच उरणार नाही. राजा आत्ताच टाकला पाहिजे. आणि त्यावर प्रधानजींनी हुकूम टाकला पाहिजे.

बोलायचे नाही, खुणावायचे नाही. तिने वडिलांना चटईवर ठेवले.

खर्परनाथाने बदाम सत्ती टाकली आणि हात चोळले. म्हणजे एक्का सावलीकडे होता. सावलीने तो आधीच बोटांत उपसून धरला होता.

आता पाळी शीलनिधीची. त्याच्या डाव्या हातात दोन पाने होती, इस्पिक छक्की आणि किलवर दुर्री. समोर चटईवर त्याचा राजा पडला होता. चाळीस वर्षे ज्याच्या पानावर त्याने पान टाकले नव्हते तो राजा, आणि आज पानही नव्हे, साक्षात राजाच. त्याच्यावर टाकायचे काय? तर जोडातले सर्वांत क्षुद्र पान. शीलनिधीचा हात छक्कीकडे गेला. तिथून परत आला. पुन्हा गेला. वर झाडावर धनेशाने स्वतःची चोच पायाने दाबून धरली.

म्हाताऱ्या प्रधानाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याने चटईवरच्या राजाला वाकून नमस्कार केला. "महाराज," तो म्हणाला, "इतके दिवस मी फक्त आदब सांभाळली. तुम्हाला नाही सांभाळले."

आणि त्याने दुर्री उचलली आणि खणकन राजाच्या तोंडावर मारली.

सावलीने एक्का टाकला, टाकावाच लागला. पण हुकमापुढे एक्का कोण! हेमलेखाने चारही पाने ओढून छातीशी धरली. दहा हात झाले होते, आणि राजा त्यांच्या हातात होता.

तिच्या ओंजळीतून राजा चंडकीर्ती उतरला. जरा सुरकुतलेला होता, मिशी एकाच बाजूला होती, नाकावर दुर्रीचा लाल वण होता. त्याच घटकेला राज्यात एकवीस पाय एकदम खाली आले, एकवीस सातवी पावले पडली आणि एकवीस आयांनी सुस्कारा सोडला. विहिरीचा दोर पाण्याला लागला. म्हशींना चौथा सड आला. भट्टीतून बारा मडकी निघाली आणि कुंभाराने ती तीन-तीनदा मोजली.

हेमलेखा बापाच्या गळ्यात पडून रडली. शीलनिधी मात्र जमिनीला डोके टेकून पडला होता.

"महाराज, माझा हात कलम करा. तो आपल्यावर उठला."

राजाने त्याला दंडाला धरून उठवले. "प्रधानजी, या पत्त्यांत माझ्यावर रोज एक्का पडे. पहिल्या दिवशी मी संतापलो, दुसऱ्या दिवशी रडलो. तिसऱ्या दिवशी वाटले, अरे, खेळ असा असतो होय? एक विचारू? घरी मी जे जिंकत होतो, त्यांतले खरे किती?"

शीलनिधीचा हात पगडीकडे गेला. त्याला खोटे बोलता येत नव्हते.

"एकही नाही?"

"एकही नाही, महाराज."

राजाने डोंगराखाली दिसणाऱ्या आपल्या राज्याकडे पाहिले. "म्हणजे चाळीस वर्षे तुम्ही सगळे माझ्याभोवती बसलात," तो म्हणाला, "आणि माझ्याशी कुणी खेळलेच नाही."

एवढ्यात खर्परनाथ खाकरला. त्याचा जोड पुन्हा एक्कावन्नचा झाला होता आणि तो अगदी हिरमुसून गेला होता. त्याच्याशीही, खरे बघता, सावलीवाचून कुणी खेळत नसे.

हेमलेखाने कोळशाचा तुकडा घेतला आणि एका कोऱ्या पुठ्ठ्यावर बदाम राजा काढला, दोन्ही बाजूंनी मिशीचा. "हा घ्या," ती म्हणाली. "आता बावन्न झाले. आबा, तुम्ही नाथांचे भिडू व्हा."

सावली उठली, आळस देऊन मांत्रिकाच्या पायांशी जाऊन चिकटली. राजा तिच्या जागी बसला. पाने वाटली गेली. चंडकीर्तीने जन्मात पहिल्यांदा आपली पाने आधी पाहिली, मोजली, पुन्हा मोजली, आणि हळू आवाजात म्हणाला, "सात."

सहा झाले. प्रधानाने त्याची राणी मारली, लेकीने त्याचा एक्का मारला, आणि दोघांपैकी कुणीही वाहवा म्हटले नाही.

हरेल त्याने पत्ते पिसायचे, ही सगळ्या जगाची रीत. हेमलेखाने जोड बापापुढे सरकवला. राजाने तो दोन्ही हातांत घेतला, इकडून तिकडे केला, आणि बावन्नच्या बावन्न पाने अंगणभर उडाली. त्याला पिसता येत नव्हते, येणार कसे?

"असे नाही, आबा," हेमलेखा म्हणाली. तिने पाने गोळा केली, त्याची बोटे नीट धरली आणि त्याला पिसायला शिकवू लागली. राजाने मग त्या दिवशी अकरा वेळा पत्ते पिसले. बाराव्या डावानंतर मात्र प्रधानाला पिसावे लागले, आणि काजळडोंगरावर राजाची आरोळी अशी घुमली की धनेश झाडावरून खाली पडला.